माळ्यावरून उतरवलेला रेल्वे लेआउट: उखडायचा की चालता करायचा?

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलं आहे. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते. नोकरीच्या काळात त्यांनी घरी ८ बाय ४ फुटांचा एचओ लेआउट, म्हणजे पाटावर खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढी मॉडेल रेल्वे, बांधला: एक अंडाकृती मुख्य लाइन, एक लूप (गाडी बाजूला घ्यायचा, दोन्ही टोकांना मुख्य लाइनला जोडलेला रूळ), दोन सायडिंग (एका टोकाला बंद असलेले रूळ). वडील गेल्यावर तो चौदा वर्षं पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर पडून होता. यंदा दिवाळीत खाली उतरवला. आता इंजिन कंट्रोलरजवळ पळतं, पण पलीकडच्या बाजूला गेलं की दम सोडतं. लूपच्या पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) डबे रुळांवरून उतरतात. लांबच्या बाजूचा रूळ मध्येच उचलला गेला आहे. मित्र म्हणतात, सगळं उखड, नवीन रूळ आण आणि थेट डीसीसी (एकाच रुळावरची प्रत्येक गाडी वेगळी चालवणारी डिजिटल पद्धत) बसव. भाऊंचा प्रश्न असा, की हे खरंच उखडावं लागेल का? आणि त्याला आपल्या खानदेशाचं रूप देता येईल का?

मी भुसावळलाच राहतो. सिग्नल खात्यात ३३ वर्षं काढली आणि घरचा लेआउट त्याहून जुना आहे. आसपासच्या लोकांचे सात-आठ जुने लेआउट हाताखालून गेले आहेत, त्यावरून सांगतो.

उखडू नका. निदान आत्ता तरी नको. तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात, पण मनात त्यांची एकच तक्रार झाली आहे: "जुनं झालं." इंजिन दम सोडतं हा विजेचा प्रश्न आहे. डबे उतरतात तो चाकाचा किंवा पॉइंटचा. रूळ उचलला गेला तो लाकडाचा आणि उन्हाचा. तिन्हींची कारणं वेगळी, तिन्हींचे उपाय वेगळे. नवे रूळ टाकून हे तिन्ही आपोआप सुटतील असं मित्रांना वाटतं, पण त्याच पाटावर, त्याच तारांवर नवे रूळ बसवलेत तर पुढच्या मे महिन्यात यातले दोन प्रश्न पुन्हा दारात उभे असतील. खात्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक शिस्त होती: बिघाड कुठे आहे हे पक्कं होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. घरच्या लेआउटलाही मी तीच शिस्त लावतो.

आता माझं उत्तर ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या आधी सांगतो, कारण त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली म्हणजे रूळ कशाचे आहेत. रुळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर रूळ पोलादी. चिकटला नाही आणि रंग पिवळा असेल तर पितळी. चिकटला नाही आणि रंग पांढरट असेल तर निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. निकेल सिल्व्हर असेल तर चौदा काय, चाळीस वर्षांनीही रूळ कामाचे असतात. पितळी रूळ चालतात, पण त्यांच्यावर चढणारा थर वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून सारखे पुसत बसावं लागतं. पोलादी असतील आणि गंजाने खड्डे पडले असतील, तर तेवढे मात्र बदला, तिथे मी जुन्याचा हट्ट धरणार नाही.

दुसरी गोष्ट पाट. टेबल आडवं करून खालून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चौकटीच्या लाकडाला ठिकठिकाणी टोचा. टोक सहज आत गेलं किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि मग बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी चौकट बदलावी लागेल. चौकट सागाची असेल तर काळजीचं कारण बहुधा नसतं. वर हार्डबोर्ड आहे की प्लायवूड, तेही बघा. हार्डबोर्ड मध्येच झोळ खातो, प्लाय सहसा नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या मनातली आहे. हा लेआउट नातवंडांनी रोज चालवायचा आहे, की वडिलांच्या हातचं काम म्हणून जपायचा आहे? दोन्ही करता येतं, पण कशाला पुढे ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. काहीही सोडवण्याआधी वरून-खालून सगळे फोटो काढा आणि प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीचा नंबर लावा. वडील रेल्वेचे होते म्हणजे त्यांनी तारांचा आराखडा कुठेतरी लिहून ठेवला असण्याची बरीच शक्यता आहे. जुन्या डायऱ्या, पेटीच्या झाकणाची आतली बाजू, पाटाखालची बाजू, सगळं बघा. एका ओळखीच्यांच्या घरी पूर्ण आराखडा पाटाखाली पेन्सिलीने काढलेला सापडला होता. धूळ म्हणून पुसायला फडकं घेतलं होतं, थोडक्यात वाचला.

आता वीज. सुरुवात कंट्रोलरपासून. ज्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची वायर तडकली आहे, त्याला टेप गुंडाळून चालवू नका. वायर आणि प्लग नवीन घाला, जाणकाराकडून आतलं इन्सुलेशन तपासून घ्या, आणि शंका वाटली तर तो आठवण म्हणून कपाटात ठेवून १२ व्होल्टचा नवा कंट्रोलर घ्या. जुन्याच्या बाबतीत इथे मी अजिबात तडजोड करू देणार नाही.

"पलीकडच्या बाजूला दम सोडतं" यावर बहुतेक जण मल्टिमीटर घेतात, पलीकडच्या रुळांवर टेकवतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, वीज तर बरोबर आहे, म्हणजे इंजिनच गेलं. इथेच फसगत होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सांधा कितीही गंजलेला असला तरी मीटरपुरती वीज त्यातून जाते. इंजिन चढलं, करंट मागितला की मगच व्होल्टेज बसतं. म्हणून रूळ नेहमी भार लावून तपासायचा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा, टोकांना मगरचिमटे लावा. हा बल्ब साधारण ०.८ अँपिअर ओढतो, म्हणजे जुन्या इंजिनाला दमछाक होताना जेवढा लागेल तेवढाच. कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब आधी कंट्रोलरजवळच्या रुळांवर लावा आणि मीटरचा आकडा लिहा. मग एक रूळ पुढे. मग आणखी एक. प्रत्येक सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे मोजा. आकडा ११.८, ११.७, ११.६ असा हळूहळू उतरत जाईल आणि एका सांध्यावर एकदम ९ वर येईल. बल्बही तिथे पिवळा पडलेला दिसेल. तोच तुमचा बिघाड. आम्ही ट्रॅक सर्किटवर (रुळावर गाडी आहे की नाही हे विजेने ओळखणाऱ्या यंत्रणेवर) उन्हात बसून हेच करत आलो, फक्त तिथे रूळ १३ मीटरचा असायचा.

सांधा सापडला की फक्त तेवढाच दुरुस्त करून थांबू नका. दोन रूळ जोडणाऱ्या छोट्या फिशप्लेटवर वीज सोडून देणं हीच मुळात कच्ची पद्धत आहे. दाबून बसवलेला पत्र्याचा तुकडा वर्षानुवर्षं सैल होत जातो, आत धूळ आणि ओल जाते. पाटाखालून लेआउटभर दोन जाड तारा फिरवा, एक लाल, एक काळी, घरच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर मिलिमीटरची चालेल. आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला त्यातून एकेक बारीक तार वर आणा. फिशप्लेट मग फक्त रूळ सरळ रेषेत धरेल, वीज वाहण्याचं काम तिच्याकडे राहणार नाही. त्या काळी बऱ्याच जणांनी टेलिफोन केबलची अर्ध्या मिलिमीटरची तार वापरली होती. जाऊन-येऊन दहा मीटर तार झाली तर बल्बच्या भाराला तिच्यातच जवळपास ०.७ व्होल्ट पडतात. दीड स्क्वेअरच्या तारेत ०.१ सुद्धा नाही.

डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, २५ ते ४० वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरे. रुळाची बाहेरची बाजू घासून चकचकीत करा, डाग तिथेच द्या, आतल्या बाजूला दिलात तर चाकाची कड त्याच्यावर चढेल. डागाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. तार आणि रूळ दोन्हींवर आधी वेगवेगळं कथील चढवून घेतलं, तर जोडायला दोन सेकंद लागतात.

उचललेल्या रुळाकडे येतो. आपल्याकडच्या लोकांनी यावर जास्त वेळ द्यायला हवा. या छंदावरची बरीचशी माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. तिथे घरातल्या तापमानातला फरक थोडा. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १० अंश आणि मेमध्ये दुपारी ४५. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. निकेल सिल्व्हर एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतं. ८ फुटांच्या, म्हणजे २.४ मीटरच्या सरळ रुळाला ३५ अंशांचा फरक पडला की तो जवळपास दीड मिलिमीटर लांब होतो. आणि नेमकं त्याच वेळी, कोरड्या उन्हाळ्यात, खालचं लाकूड पाणी सोडून आक्रसतं. रूळ वाढतोय, पाट लहान होतोय. रुळाने जायचं कुठे? तो वर उचलतो किंवा बाजूला सरकतो. खऱ्या लाइनवर याच भीतीने गँगमन लोक उन्हाळ्यात भर दुपारी गस्त घालतात. माझ्या लेआउटवर एका एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला लूपचा रूळ चक्क सापासारखा वळलेला मी पाहिला. सकाळी सातला तोच रूळ सरळ होता.

उपाय दोन. पहिला, सांध्यांत जागा ठेवणं. हिवाळ्यात काम करत असाल तर दर ३ फुटांच्या सांध्याला दोन व्हिजिटिंग कार्डं मावतील एवढी फट ठेवा, अंदाजे ०.६ मिलिमीटर.  मेमध्ये काम करत असाल तर रूळ एकमेकांना टेकवूनच बसवा, हिवाळ्यात तेच आपली फट करून घेतील. फिशप्लेट डाग देऊन बंद करू नका, वळणावर रूळ कोन करत असतील तेवढेच सांधे पक्के करा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे मोकळे ठेवा. वर सांगितलेल्या तारा इथेही उपयोगी पडतात: सांधा मोकळा राहिला तरी वीज तुटत नाही. दुसरा उपाय लाकडाचा. प्लायच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू आणि मुख्य म्हणजे चारही कडा ऑइल पेंटने बंद करा. पाणी आत-बाहेर करतं ते जास्त करून कडांतून. आणि पुन्हा माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालच्या खोलीत, भिंतीला उभा करून ठेवला तरी चालेल.

उचललेला तुकडा काढताना ओढू नका. वडिलांनी खडी फेव्हिकॉलने चिकटवली असेल, आणि बहुधा तशीच असेल, तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून तेवढ्याच भागावर सोडा. वीस मिनिटं थांबा. गोंद पांढरा होऊन मऊ पडतो. मग पुट्टीची पातळ पट्टी स्लीपरखाली सरकवा, रूळ अख्खा सुटून येतो. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या आणि मग फट ठेवून तोच रूळ परत बसवा.

पॉइंटवर डबे उतरण्याचं कारण शोधायला वीज नको, बोट हवं. सगळ्यात हलका डबा घ्या, त्याच्या छपरावर एकच बोट ठेवा आणि डोळे मिटून पॉइंटवरून अगदी सावकाश ढकला. जिथे चाक चढतं तिथे बोटाला बारीकशी ठेच लागते. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं. तिथे खूण करा. तोच डबा उलटा फिरवून परत ढकला. मग दुसरा डबा. एकच डबा उतरत असेल तर दोष डब्यात, सगळेच एका जागी उतरत असतील तर दोष पॉइंटमध्ये.

दोष डब्यात असेल तर चाकांच्या जोडीच्या आतल्या बाजूंमधलं अंतर डिजिटल कॅलिपरने मोजा. १६.५ मिलिमीटरच्या रुळासाठी ते १४.४ च्या आसपास असायला हवं. जुन्या डब्यांत ते बऱ्याचदा कमी असतं, म्हणून चाकं क्रॉसिंगजवळच्या (रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या) आतल्या आडरुळांना अडकून वर चढतात. धातूच्या आसावरची चाकं हाताने पिळत पिळत बाहेर आणता येतात, प्लॅस्टिकची सरळ बदला. पॉइंटमध्ये दोष असेल तर आमची जुनी चाचणी करा. खऱ्या पॉइंटवर जीभ (पॉइंटचा हलणारा रूळ) आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची पट्टी घालून बघतात. पट्टी असताना पॉइंट लॉक झाला तर तो नापास. ५ ला ८७ ने भागलं की ०.०६ मिलिमीटर येतात, म्हणजे कागदाहूनही कमी. वर्तमानपत्राच्या कागदाची चिंचोळी पट्टी घ्या, पॉइंट बंद करा, पट्टी जिभेच्या टोकाशी घालून बघा. सहज आत-बाहेर सरकली तर जीभ बसत नाही. आत खडीचा कण, गोंदाचा थेंब किंवा सैल झालेली स्प्रिंग, या तिघांपैकीच एक निघतं. लांब टाचणीने साफ करा, दहापैकी आठ पॉइंट तेवढ्यानेच बरे होतात.

रूळ पुसण्याबद्दल थोडक्यात. पॉलिश पेपर लावू नका. तरुणपणी मी लावला होता. दोन दिवस रूळ आरशासारखे होते, पंधरा दिवसांत आधीपेक्षा काळे, कारण बारीक ओरखड्यांत मळ धरून बसतो. सुती फडकं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, केमिकलच्या दुकानात मिळतं. पुसताना कंट्रोलर बंद आणि खिडकी उघडी, ते लगेच पेट घेतं. नंतर कोरडं फडकं. मे-जूनच्या वावटळीत आपल्याकडे धूळ किती येते हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून वापर नसताना लेआउटवर जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिक टाकू नका, पावसाळ्यात आत घाम धरतं.

इंजिनांपैकी एखादं अजिबात हलत नसेल, तर ते मेलं असं समजू नका. उलटं करून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा चाकांना लावा. गुणगुणलं पण फिरलं नाही, तर जुन्या ग्रीसचा डिंक झाला आहे. खोलून गिअर अल्कोहोलने धुवा, कम्युटेटर (मोटरचे ब्रश टेकतात तो फिरणारा तांब्याचा भाग) कापसाच्या काडीने पुसा, त्याच्या खाचा लाकडी टूथपिकने साफ करा, सुई वापरू नका. मग बारीक तेलाचा एकेक थेंब इंजेक्शनच्या सुईने, फक्त आसांच्या टोकांना. जास्त तेल थेट कम्युटेटरवर जातं. आवाजच आला नाही, तर कार्बन ब्रश आणि त्यांची स्प्रिंग बघा. गिअरच्या दातांत उभी चीर दिसली तर मात्र तो गिअर बदलावाच लागतो, चिकटवून टिकत नाही.

डीसीसीचा आग्रह मी आत्ता धरणार नाही. एका वेळी एक गाडी फिरवायची असेल तर साधा १२ व्होल्ट डीसी भरपूर झाला. दोन-तीन गाड्या एकाच लाइनवर वेगवेगळ्या वेगाने चालवायच्या असतील, तर डीसीसीची खरी मजा आहे, आणि आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर डीसीसी-ईएक्स वापरून कमांड स्टेशन (रुळांवर वीज आणि आदेश सोडणारी पेटी) घरीच बनवता येतं. पण आधी रूळ आणि तारा निर्दोष हव्यात, कारण डीसीसी खराब सांधा डीसीइतकासुद्धा सहन करत नाही. तारांचं काम झाल्यावर जागोजागी रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा. प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशनने ताबडतोब वीज तोडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी तोडली नाही तर तिथली तार कच्ची आहे आणि तिथेच एखाद्या दिवशी चाक वितळेल. जुन्या इंजिनात डीकोडर (डीसीसीचे आदेश वाचणारं छोटं सर्किट) घालण्याआधी मोटरच्या दोन्ही ब्रशचा सांगाड्याशी आणि चाकांशी संपर्क नाही ना, हे मीटरने बघा. बऱ्याच जुन्या मोटरींत एक ब्रश सांगाड्यालाच जोडलेला असतो, आणि तसाच जोडला तर डीकोडर पहिल्याच सेकंदाला जळतो. शिवाय साधा डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच रुळाला कधीही एकत्र जोडू नका.

आता खानदेशाचं रूप. इथे मी मन मोकळं करतो, कारण तुमच्या वडिलांनी नकळत फार चांगली सुरुवात करून ठेवली आहे. एकेरी मुख्य लाइन आणि एक लूप: ही तर तुमच्या अमळनेरची तापी लाइन झाली. दुहेरीकरण होईपर्यंत उधना ते जळगाव या मार्गावर गाड्यांचं क्रॉसिंग लूपवरच व्हायचं. मालगाडी लूपला घ्यायची, पॅसेंजर मुख्य लाइनने सोडायची, मग मालगाडी काढायची. ८ बाय ४ च्या लेआउटवर एवढं नाट्य तासभर चालतं. तुमच्या लूपमध्ये किती डबे मावतात ते मोजा आणि मालगाडी तेवढीच ठेवा.

मालगाडीच म्हणतोय, कारण वळणं. ४ फूट रुंदीत ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण आरामात बसतं, तुमचं बहुधा तेच किंवा ३७१ चं असेल. आयसीएफ हा जुन्या घडणीचा प्रवासी डबा २१.३ मीटर लांब, एचओमध्ये २४५ मिलिमीटर, तो या वळणावर बाहेर झुकतो आणि कपलिंग ओढलं जातं. नव्या घडणीचा एलएचबी डबा तर २७० च्या पुढे. पण बॉक्सएन ही उघडी मालवॅगन कपलिंगसह १०.७ मीटरची, म्हणजे मॉडेल फक्त १२३ मिलिमीटर. ती या वळणावर छान दिसते. शिवाय भुसावळला रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या लेआउटवर मालगाडीच शोभते. डब्ल्यूएजी-५ या मालगाडीच्या विजेवरच्या इंजिनाचं मॉडेल मिळालं तर तिच्यापुढे तेच लावा.

गेजचं एक कायम मनात ठेवा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ८७ ने भागलं की १९.३ येतं, आणि आपण चालवतो १६.५ वर. म्हणजे आपलं ब्रॉडगेज मॉडेलमध्ये थोडं अरुंद असतं, ते सगळेच स्वीकारतात. पण ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला भागलं की ८.८ येतं, आणि एन गेजचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात! म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एन गेजच्या रुळांवर आपली पाचोरा-जामनेर जवळजवळ तंतोतंत बसते. त्या दोन सायडिंगपैकी एक काढा आणि तिच्या जागी फलाटाच्या पाठीमागे ९ मिलिमीटरचा छोटा रूळ टाका, दोन डब्यांपुरता. पाचोऱ्याला ब्रॉडगेजच्या शेजारी ती छोटी गाडी उभी असायची, वरखेडी, शेंदुर्णी, पहूरची माणसं त्यातून उतरून मोठ्या गाडीकडे पळायची. आता त्या ५६ किलोमीटरच्या मार्गाचं नॅरोगेज इतिहासजमा झालं आहे, निदान तुमच्या टेबलावर तरी ते राहील. वडिलांची सायडिंग मात्र काढून फेकू नका, नंबर लावून ठेवा.

खडी विकत आणू नका. काळ्या दगडाच्या खाणीतली चुरी मिळते, ती धुवा, वाळवा आणि दोन चाळण्यांतून काढा. खऱ्या लाइनची खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटर. चहाच्या गाळणीतून जे खाली पडेल पण मलमलीवर थांबेल, तेवढं घ्या. आणि ही पायरी चुकवू नका: जाड लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या चुरीतून फिरवा. आपल्या काळ्या दगडात आणि नदीच्या रेतीतही चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. ते राहिले तर मोटरचा चुंबक त्यांना ओढून घेतो आणि मोटर अडकून बिघडते. पहिल्या वेळी पिशवीवर जो काळा थर दिसेल, तो बघून तुम्ही ही पायरी पुन्हा कधी विसरणार नाही. तीन-चारदा फिरवा, पिशवी स्वच्छ येईपर्यंत. मग फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग, साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा.

शेतासाठी आपली काळी माती वस्त्रगाळ करून तव्यावर कोरडी भाजा, म्हणजे किडा-बी राहत नाही. थर अगदी पातळ द्या, जाड दिलात तर वाळताना शेतासारख्याच भेगा पडतात. त्यावर केळी. झाड दोन-अडीच मीटरचं, मॉडेल २३ ते २९ मिलिमीटर. खोडाला हिरव्या कागदाची सुरळी, पानं पातळ कागदाची, मधोमध बारीक तार. पानं सरळ ठेवू नका, मधून खाली वाकवा आणि कडा कात्रीने थोड्या फाडा, वाऱ्याने केळीची पानं तशीच फाटतात. बागेच्या पश्चिमेला शेवरीची उंच रांग लावा, गरम वारं अडवायला शेतकरी लावतात तशी. पाठीमागच्या भिंतीवर उत्तरेला सातपुड्याची फिकट निळी रेघ काढली की टेबलाला दिशा येते. सावदा-रावेरचा केळीचा रेक (केळीची अख्खी मालगाडी) आठवत असेल, तर लूपवर उभ्या मालगाडीशेजारी दोन ट्रॅक्टर ठेवा.

आता कामाचा क्रम. डिसेंबरपर्यंत फोटो, नंबर, पाट आणि बल्बची तपासणी. जानेवारीत तारा आणि फटी. त्यानंतर पॉइंट आणि चाकं. शेतं, केळी आणि नॅरोगेज मेनंतर. मधला एक पूर्ण उन्हाळा लेआउटला तसाच जाऊ द्या, दर रविवारी दुपारी तीनला गाडी चालवा. त्या वेळी ती न अडखळता फिरली, तरच खडीला गोंद लावा. कुठे अडलीच, तर तो सांधा कुठला, बल्बवर अलीकडे-पलीकडे किती व्होल्ट आले आणि खोलीचं तापमान किती होतं, एवढं लिहून पाठवा. तेवढ्यावरून बहुतेक वेळा दोष इथे बसून सांगता येतो.